माती, झरा, कच्चा हिरा आणि पाण्याची पाळी

गेल्या पावसाळ्यात संगीत विशारदच्या मुलांचा संगीतशास्त्राचा तास घेत असताना मी फळ्यावर एक अपुरे वाक्य लिहिले : ‘लोकसंगीत हे ______ सारखे आहे, कारण ______.’ वहीचे अर्धे पान फाडून, नाव न घालता, प्रत्येकाने ते पुरे करायचे होते. ही युक्ती माझी नाही. तुर्कस्तानातल्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांत ती बरीच रूढ आहे आणि तिथल्या संगीताच्या विद्यार्थ्यांनाही त्यांच्या लोकसंगीताबद्दल असे विचारले गेले आहे. एखाद्या गोष्टीची व्याख्या विचारली तर विद्यार्थी पाठ केलेले उत्तर देतो. ती कशासारखी आहे असे विचारले तर मात्र त्याच्या मनात जे खरोखर असते ते नकळत कागदावर उतरते, असा त्यामागचा हिशेब आहे.

मी मिरजेत घरगुती वर्ग चालवते. मुले मिरज-सांगलीची आहेत, तशी कवठे महांकाळ, जत आणि हातकणंगले या बाजूंनी एसटीने येणारीही आहेत. ‘आज आपण रूपक पाहणार आहोत’ असे म्हणताच तबल्याच्या दोन मुलांचे हात सवयीने मांडीवर गेले आणि त्यांनी ‘ती ती ना’ सुरू केले. संगीताच्या वर्गात रूपक म्हणजे आधी सात मात्रांचा ताल, भाषेचा अलंकार नंतर. ते हसणे ओसरते न ओसरते तोच बारावीला मराठीत चांगले गुण मिळवलेल्या एका मुलीने हात वर केला. ‘ताई, “सारखे” आले की ती उपमा होते. रूपकात उपमेय आणि उपमान एकच मानतात.’ तिचे बरोबर होते. मी ‘सारखे’ पुसले आणि ‘लोकसंगीत म्हणजे ______’ असे लिहिले. तेव्हा ती केवळ व्याकरणाची दुरुस्ती वाटली होती, पण पुढे तिचा अर्थ मला उलगडत गेला. ‘सारखे’ म्हणताना आपण दोन वस्तूंमध्ये थोडे अंतर ठेवतो. ‘म्हणजे’ म्हटले की ते अंतर मिटते आणि मग आपण त्या वस्तूशी तसेच वागू लागतो.

कागद गोळा करून रात्री वाचायला बसले. माती, मातीचा वास आणि मातीशी जोडलेली नाळ हे सगळ्यांत जास्त. त्याखालोखाल झरा, नदीचा उगम, झाडाची मुळे, इमारतीचा पाया. मग आई आणि तिच्याहूनही अधिक वेळा आजी. दोघातिघांनी जेवणाकडे धाव घेतली होती. त्यातल्या एकाने ‘लोकसंगीत म्हणजे पिठलं-भाकरी, कारण रोज पनीर खाऊन कंटाळा येतो’ असे लिहिले होते आणि त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. एका मुलीने ‘कच्चा हिरा’ म्हटले होते, ‘कारण त्याला पैलू पाडले की राग होतो’. एका कागदावर ‘वाकळ’ होते. एकावर ‘पाण्याची पाळी’, म्हणजे शेताला पाणी घ्यायची आपली ठरलेली वेळ. आणि एक कागद कोरा होता.

पहिल्या वाचनात मला समाधान वाटले, हे कबूल करते. मुलांना लोकसंगीताविषयी प्रेम आहे, तुच्छता नाही. निदान कागदावर तरी कोणी त्याला ‘गावठी’ म्हटले नव्हते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक गोष्ट टोचू लागली. माती, झरा, मूळ आणि पाया ही सगळी खालची किंवा आधीची जागा आहे. माती झाडासाठी असते, झरा पुढे नदी होण्यासाठी असतो, पाया ज्याच्यासाठी घातला ती इमारत वर असते. म्हणजे या मुलांच्या मनात लोकसंगीत ही फार पूज्य गोष्ट होती, पण ती दुसऱ्या कशाची तरी सुरुवात होती, आणि ते दुसरे म्हणजे अर्थातच ती स्वतः शिकत असलेले गाणे. आईसुद्धा इथे त्याच कामासाठी बोलावलेली आहे. आईचे कौतुक करायचे आणि तिला स्वयंपाकघरात ठेवायचे, ही रीत आपल्याला नवीन नाही.

दुसरे असे की माती कोणी बनवत नाही आणि झऱ्याला कोणी कर्ता नसतो. लोकसंगीत ‘आपोआप उगवलेले’ आहे ही समजूत या रूपकांमध्ये इतकी घट्ट बसली आहे की ज्या रचनांचे कर्ते आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत त्यांनाही आपण विसरतो. १६५९ साली अफझलखानाचा वध झाला, त्या प्रसंगावरचा पोवाडा अज्ञानदासाचा आहे. नाव अज्ञानदास असले तरी तो अज्ञात नाही. तानाजीच्या पोवाड्यावर तुळशीदासाची नाममुद्रा आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातले अनंत फंदी, रामजोशी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ हे सगळे शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गोवणारे, एकमेकांशी चढाओढ करणारे कसलेले कारागीर होते. होनाजीने रचावे आणि बाळाने गावे अशी ती जोडी होती, म्हणूनच ‘होनाजी बाळा’ हे जोडनाव झाले. रामजोशी तर संस्कृत जाणणारा माणूस. यांच्या लावण्यांना ‘रानफूल’ म्हणणे हे कौतुक आहे की त्यांचे श्रम खोडून टाकणे आहे, याचा विचार करायला हवा. ओव्यांच्या बाबतीत कर्ती बाई सांगता येत नाही हे खरे. पण सांगता येत नाही याचा अर्थ ती नव्हती असा होत नाही. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून ज्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत ओवीखाली गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. एवढ्या एका साध्या नोंदीने झऱ्याचे रूपक कोलमडते.

मुलांना दोष देऊन चालणार नाही, कारण ही रूपके त्यांना कुठून मिळाली हे शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. माझ्याच जुन्या टिपणवहीत, ‘लोकसंगीत व शास्त्रीय संगीत यांतील संबंध’ या प्रश्नाखाली, मी अनेक वर्षे हे वाक्य लिहून देत आले आहे : ‘लोकसंगीत हा शास्त्रीय संगीताचा पाया आहे.’ परीक्षेत या वाक्याला गुण मिळतात. आपली पाठ्यपुस्तकेही कमी नाहीत. पिलू, खमाज, काफी यांसारख्या, लोकधुनांशी जवळीक असलेल्या रागांची माहिती देताना ‘हा राग क्षुद्र प्रकृतीचा आहे’ असे छापलेले असते. तिथे ‘क्षुद्र’ म्हणजे हलकेफुलके, छोट्या आवाक्याचे, असे आम्ही शिक्षक घाईघाईने समजावतो, पण सोळा वर्षांच्या मुलाच्या कानात ‘क्षुद्र’ हा शब्द जायचा तसाच जातो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अभ्यासकांनी १९८० साली असे मांडले होते की रूपक हा भाषेवर चढवलेला दागिना नसून विचार करण्याचीच रीत आहे. त्यांची उदाहरणे इंग्रजीतली आहेत. मला ते आमच्या टिपणवहीतच दिसले.

आपल्या जुन्या ग्रंथांतली विभागणी याहून निराळी आहे. ‘मार्ग’ आणि ‘देशी’ हे शब्द मुले पाठ करतात, पण त्यांतले चित्र पाहत नाहीत. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत बसून संगीतरत्नाकर लिहिला. त्यात मार्ग म्हणजे ब्रह्मादिकांनी शोधून काढलेले, ‘मार्गित’, असा अर्थ आहे. देशीची व्याख्या त्याच्याही आधी मतंग या संगीतशास्त्रकाराने केली : स्त्रिया, मुले, गुराखी आणि राजेसुद्धा आपापल्या प्रदेशात, स्वेच्छेने, प्रेमाने जे गातात ते देशी. या यादीत गुराख्याच्या शेजारी राजा बसलेला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. इथे वरचे आणि खालचे नाही. एक शोधलेली वाट आहे आणि एक राहते घर आहे. शिवाय मार्गसंगीत प्रचारातून केव्हाच गेले असल्यामुळे आज आपण गातो ते सगळे, तुमचा यमन आणि तुमचा दरबारीसुद्धा, त्या व्याख्येप्रमाणे देशीच ठरते. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मला आवडली. अलीकडच्या काळात संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, कला, जन, भक्ती अशा संगीताच्या कोटी, म्हणजे वर्ग, मांडल्या, तेव्हा त्यांनी त्या एकावर एक रचल्या नाहीत, तर शेजारी शेजारी ठेवल्या. ‘शास्त्रीय’ न म्हणता ‘कलासंगीत’ म्हणण्यामागेही मला तीच दृष्टी दिसते.

आता ‘कच्चा हिरा’ या कागदाविषयी, कारण रूपक माणसाच्या गळ्यात कसे उतरते ते मला त्या मुलीने प्रत्यक्ष दाखवले. नाव नसले तरी अक्षर ओळखू आले होते. पुढच्या तासाला मी तिला एखादी ओवी म्हणायला सांगितली. तिने पेटीवरच्या काळी चारचा सूर धरला, डोळे मिटले, आधी मंद्रातून छोटीशी आलापी केली आणि ‘पहिली माझी ओवी’ या साच्यातली एक ओवी गायली. प्रत्येक चरणाच्या शेवटी एक मुरकी, तिसऱ्या चरणात खटका असे गळ्याचे दागिने, समेवर येताना मान किंचित डोलवणे. आवाज गोड, सूर पक्का. तिने तिच्या म्हणण्याप्रमाणे हिऱ्याला पैलू पाडले होते, आणि ओवी कुठेच नव्हती.

ज्या घरात मी वर्ग घेते तिथल्या मागच्या सोप्यात एक जाते आहे. लग्नाच्या हळदीपुरते ते बाहेर निघते, एरवी त्याच्यावर पोते घातलेले असते. घरमालकीण आजींची परवानगी घेऊन आम्ही ते पुसले, अर्धा किलो शाळू आणला आणि त्या मुलीला व तिच्या मैत्रिणीला समोरासमोर बसवले. एक पाय दुमडून, एक लांब करून बसायचे, दोघींनी एकच खुंटा धरायचा आणि मोकळ्या हाताने घास घालायचा. जात्यात मूठभर धान्य घालण्याला घास म्हणतात. म्हणजे जाते हे जेवणारे आहे आणि आपण त्याला भरवतो आहोत, हे रूपक त्या कामात आधीपासून होतेच, आम्ही ते आणलेले नव्हते. पहिले दोन-तीन फेरे नुसतेच गेले, कारण हसू आवरत नव्हते. मग मी म्हटले, आता गा.

पहिल्या चरणात मुरकी आली. दुसऱ्या चरणात ती अर्धवट राहिली, कारण नेमक्या त्या क्षणी खुंटा अंगाकडे ओढायचा होता आणि ओढताना श्वास अडतो. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला शब्द आपोआप सुटत्या श्वासावर येऊन बसले, चरणाची लांबी फेऱ्याच्या लांबीएवढी झाली आणि घास घालायच्या वेळी गाणे थांबून समोरच्या मैत्रिणीकडे गेले. आलापीचा प्रश्नच उरला नाही. घामाघूम होऊन ती म्हणाली, ‘ताई, यात दागिना घालायला जागाच नाही.’

आतून आजींचा आवाज आला : ‘जातं जड लागतंय का? मग टाकी लावायला झालीय त्याला. गाणं ऱ्हाऊ दे.’ आणि त्या बाहेर आल्या, खुंट्याला एक हात लावला आणि बसता बसता दोन ओळी म्हणून गेल्या. शेवटच्या ‘गं’वर त्यांचा आवाज थोडा वर जाऊन, तिथे थरथरून, खाली घसरला. सगळे मिळून दोन सेकंदांचे काम. माझ्या या विद्यार्थिनीने ते मोबाइलवर मुद्रित केले आणि भातखंडे स्वरलिपीत उतरवायचा प्रयत्न तीन दिवस केला. गंधार ना कोमल ना शुद्ध, आणि पुढच्या ओवीत तो पहिल्या जागी राहिलेलाही नाही. दागिना होता, फक्त तो तिच्या ओळखीच्या जागेवर नव्हता आणि तिच्या ओळखीच्या घडणीचा नव्हता. तिने स्वतःहून आपला कागद परत मागितला. काय दुरुस्त करणार असे विचारल्यावर म्हणाली, ‘“कच्चा” हा शब्द काढते. पुढचं अजून सुचलं नाही.’

टाकीचीही एक गंमत मुलांना ठाऊक नव्हती. जात्याच्या तळ्या वापरून गुळगुळीत झाल्या की त्यांना पुन्हा टाके पाडून घ्यावे लागतात. हे काम करणारी माणसे पूर्वी गल्लीतून हाक देत फिरत. म्हणजे ओवीच्या ‘सहज’ लयीमागे कोणाची तरी छिन्नी होती. इकडच्या बायका दळता-कांडताना गातात ही गोष्टही काही कोणाला काल-परवा सापडलेली नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लास या ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे, आणि जनाबाईच्या अभंगात जाते हे संसाराचे रूपक होऊन येते, त्याचे दोन खुंटे म्हणजे जीव आणि शिव. एकनाथांनी तर गोंधळी, वासुदेव, जोशी, पिंगळा, इतकेच काय विंचवाच्या विषालाही भारुडात आणून प्रत्येकाला एक आतला अर्थ दिला. आम्ही लोकसंगीताला रूपके देत बसलो होतो, आणि ते स्वतःच रूपकांचा कारखाना होते.

‘उगम’ लिहिणाऱ्या मुलांपैकी एकाने कारणात कुमार गंधर्वांचे नाव घेतले होते. ते स्वाभाविक आहे. कुमारजींचा जन्म इथून जवळच, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. १९४८ मध्ये ते देवासला गेले, क्षयाच्या दीर्घ आजारात गाणे बंद असताना त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी पडत राहिली आणि त्यातून त्यांनी धुनउगम राग, म्हणजे लोकधुनेतून उगवलेला राग, ही कल्पना मांडली. मालवती, संजारी, लगनगंधार हे राग त्यातलेच. ‘धुनउगम’ या शब्दात उगम आहे हे खरे, आणि आपण सगळे तो शब्द नदीच्या नकाशासारखा वाचतो : उगमापाशी बारीक धार, पुढे मोठे पात्र. पण ज्या माणसाने माळव्याच्या धुना बायकांकडून ऐकून, टिपून, लोकगीतांचा स्वतंत्र कार्यक्रम म्हणून रंगमंचावर सादर केल्या, त्याला उगम लहान वाटत नव्हता. आपल्याकडे उगमाला जाणे ही यात्रा मानतात. त्र्यंबकेश्वरला किंवा महाबळेश्वरला कोणी नदीचा बारकेपणा मोजायला जात नाही. तेव्हा रूपक तेच असून वाचणारा बदलला की ते कसे उलटते, याचे हे उदाहरण आहे. कुमारजींच्या मागे लपून मला झऱ्याची बाजू घ्यायची नाही, पण सगळे झरे सारखे नसतात एवढे मान्य करते.

‘वाकळ’ हा कागद मला सगळ्यांत हुशार वाटला. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिला आमच्याकडे वाकळ म्हणतात. कारणात लिहिले होते : ‘जुन्या लुगड्यांचीच असते, पण शिवणारीचा टाका ओळखू येतो.’ एका चालीवर वेगवेगळी पदे बसवणे, एका गावची चाल दुसऱ्या गावात जाताना तिचे टोक बदलणे, सिनेमातल्या चालीवर भजन म्हणणे, ही सगळी आपल्या लोकगायनाची नित्याची वहिवाट त्या एका वाक्यात आली होती, आणि मातीच्या रूपकात जी हरवली होती ती शिवणारीही परत आली होती. त्यावरून आम्ही ‘चाल’ या शब्दावर घसरलो. मराठीत गाण्याच्या स्वररचनेला चाल म्हणतात, म्हणजे चालण्याची ढब. माणूस तोच राहिला तरी चाल बदलते, आणि चालीवरून माणूस लांबून ओळखता येतो. हे रूपक इतके वापरलेले आहे की ते रूपक आहे हेच आपल्याला ऐकू येत नाही. मुखडा, अंग, बढत, उठाव हे शब्दही त्यातलेच.

आणि मग कोणीतरी विचारले की शास्त्रीय गाण्याला घराणे असते, तसे लोकगाण्याला काय असते? उत्तर तबल्याच्या मुलाने दिले : ‘फड.’ तमाशाचा फड, शाहिराचा फड, वारकऱ्यांचाही फड. वासकर फड, देहूकर फड ही नावे पंढरीच्या वाटेवर सगळ्यांना ठाऊक असतात. आणि आमच्या भागात फड म्हटले की ऊसतोडीचा फड आधी डोळ्यांपुढे येतो. घराणे हा शब्द तुम्ही कोणाचे, हे सांगतो. फड हा शब्द तुम्ही कुठे राबता, हे सांगतो. मी या विषयावर इतकी वर्षे बोलते आहे, पण या दोन शब्दांना शेजारी ठेवून पाहणे मला सुचले नव्हते.

राहिले दोन कागद. कोऱ्या कागदाचा मालक तास संपल्यावर थांबला. त्याचे म्हणणे मी शक्य तितके त्याच्याच शब्दांत देते. ‘माझे पणजोबा गावात हलगी वाजवायचे. आजोबांनी ठरवून ती खुंटीला टांगली. मयताला वाजवा, जत्रेला वाजवा, आणि वाजवून झालं की लांब बसून जेवा. ती टांगली याचा आमच्या घरात अभिमान आहे. आता मी तिला झरा कसा म्हणू?’ मातीला आडनाव नसते, म्हणून ती सगळ्यांना सोयीची असते. हलगीला, संबळाला आणि दिमडीला आडनावे होती. कोण वाजवील हे गावात आवडीवर ठरत नव्हते. गंमत म्हणजे या मुलाचा तालाचा हात वर्गात सर्वांत चांगला आहे. पुढे त्याने मला खुंटीवरच्या त्या हलगीचे छायाचित्र दाखवले. कातडे फाटलेले, कडे मात्र शाबूत होते. त्याला मी तो कागद भरायला सांगितला नाही.

‘पाण्याची पाळी’ लिहिणारा मुलगा हातकणंगल्याच्या बाजूचा, धनगराच्या घरातला. त्याचे वडील गावच्या ढोलमंडळात कैताळ, म्हणजे मोठी झांज, वाजवतात. कागद मोठ्याने वाचताना वर्गात दबकी खसखस पिकली, कारण शहरातल्या कानाला पाळी या शब्दाचा एकच अर्थ उरला आहे. मी तिकडे दुर्लक्ष केले. त्याने लिहिले होते : ‘लोकसंगीत म्हणजे पाण्याची पाळी, कारण आपली पाळी आली की रात्री दोनला उठून जावंच लागतं. तिथं मन लागतं का नाही असं कोणी विचारत नाही. न गेलं तर पाणी दुसऱ्याच्या रानात जातं.’ मी त्याला उभे करून आणखी विचारले. तेव्हा त्याने सांगितले की पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत वेगवेगळ्या गावांची ढोलमंडळे येतात, प्रत्येकाची देवापुढे वाजवायची पाळी येते, भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात आणि पाळी आली की ताप असला तरी वडील कैताळ उचलतात. त्यांना ते आवडते का? तो गोंधळला. ‘आवडतं का असं कधी बोलणं झालं नाही, ताई. ते आमच्याकडं आहे.’

मला वाटते, या कागदाच्या शेजारी कोरा कागद ठेवला तरच दोन्हींचा अर्थ लागतो. एकाच्या घरात पाळी ही लादलेली होती आणि ती मोडणे हे स्वाभिमानाचे काम होते. दुसऱ्याच्या घरात ती देवाशी असलेली बांधिलकी आहे आणि ती चुकवणे लाजेचे आहे. दोघांनाही एक गोष्ट ठाऊक होती जी माती, झरा आणि हिरा लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हती : की हे गाणे कोणीतरी, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी जाऊन, अंग मोडून करायचे असते. आमच्या वर्गातली बाकीची मुले लोकसंगीत ऐकतात किंवा गॅदरिंगला सादर करतात, आणि ऐकणाऱ्याला ते नेहमी वाऱ्यावरून आल्यासारखेच वाटते. खरे तर माझेही तेच आहे. मी मिरजेत वाढले, सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचे. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या रानांतून येतात हे मला लहानपणापासून माहीत होते, पण तो भोपळा पिकवणारा माणूस माझ्या गाण्याच्या हिशेबात कधी आला नव्हता. मी तंबोऱ्याला ‘आई’ म्हणत आले.

टिपणवहीतल्या त्या वाक्यातला ‘पाया’ हा शब्द मी यंदा खोडला आहे. त्या जागी काय लिहून द्यावे ते ठरलेले नाही, आणि मुलांनी परीक्षेत ‘पाया’च लिहावे असे मी त्यांना सांगितले, कारण गुण त्यालाच मिळतात. वाकळवाली मुलगी यावर माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मी विसरलेले नाही.

यात्रेच्या आधीच्या शनिवारी तो मुलगा सांगायला आला, ‘सोमवारी येणार नाही, ताई. वडिलांचा खांदा दुखतोय, यंदा कैताळ माझ्याकडं आहे.’ वर्गाच्या हजेरीपटात गैरहजेरीचे कारण लिहायला एक रकाना आहे. त्याच्या नावापुढे मी ‘पाळी’ असे लिहिले, आणि मग पुढे कोणी वाचून घोटाळ्यात पडू नये म्हणून आधी ‘ढोलाची’ हा शब्द बारीक अक्षरात घातला.